शेवटची ओळ नव्हे, पहिली चूक

१९७६ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन हे नामवंत प्रोग्रामर सकाळभर एका प्रोग्रॅममधली चूक शोधत बसले होते. चूक सापडत नव्हती, कारण ती आधीच दुरुस्त झाली होती. सुधारलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहून गेली होती आणि प्रोग्रॅम जुन्याच तुकड्यांतून जोडला जात होता. वैतागलेले जॉन्सन सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. फेल्डमन यांनीही आदल्याच संध्याकाळी असाच मनस्ताप भोगला होता. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे ओळखून बदललेले तेवढेच पुन्हा बांधणारे एखादे साधन हवे, असे बोलण्यातून निघाले आणि फेल्डमन यांनी ते त्याच शनिवार-रविवारी लिहून काढले. त्याचे नाव ‘मेक’. या कामासाठी २००३ चा असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरीचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार फेल्डमन यांना मिळाला. आजही लिनक्सच्या कर्नलपासून विद्यार्थ्याच्या छोट्या प्रकल्पापर्यंत असंख्य ठिकाणी मेक रोज चालते.

बांधणीतल्या चुकीतून जन्मलेल्या या साधनाच्या एरर नवशिक्यांना मात्र घाम फोडतात. अभियांत्रिकीचा विद्यार्थी उबंटूवर एखादा प्रकल्प उतरवून घेतो, टर्मिनलमध्ये ‘मेक’ टाइप करतो, शेकडो ओळी सरसर वर जातात आणि तळाशी तीन चांदण्या व ‘एरर २’ एवढेच उरते. बहुतेक जण तीच ओळ कॉपी करून गुगलवर शोधतात, मिळेल तो उपाय चिकटवतात आणि काही वेळाने आधीपेक्षा जास्त बिघडलेली यंत्रणा घेऊन बसतात. यातून बाहेर पडायचा मार्ग आहे आणि तो अवघड नाही. बांधणीतल्या चुका अंदाधुंद होत नाहीत. प्रत्येक चूक एका ठरावीक टप्प्यावर होते, प्रत्येक टप्प्याची बोलण्याची धाटणी वेगळी असते, आणि टप्पा ओळखता आला की शक्य असलेली कारणे दोन-तीनच उरतात. म्हणून एरर वाचताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा: हे बोलते आहे कोण?

बांधणीचे टप्पे

सी भाषेत लिहिलेली फाइल चालता प्रोग्रॅम होण्याआधी चार टप्प्यांतून जाते. पहिला प्रीप्रोसेसर. तो ‘इन्क्लूड’च्या ओळी पाहून हेडर फाइलींतला मजकूर मूळ फाइलीत आणून ओततो. दुसरा कंपायलर. तो भाषेचे नियम तपासतो आणि सी मधला मजकूर असेम्ब्ली भाषेत उतरवतो. तिसरा असेम्ब्लर, जो त्यातून ‘डॉट ओ’ अशी ऑब्जेक्ट फाइल तयार करतो. चौथा लिंकर. तो सगळ्या ऑब्जेक्ट फाइली आणि लायब्ररी जोडून एक प्रोग्रॅम बनवतो. पुढे प्रोग्रॅम चालवताना पाचवा गडी येतो, तो लोडर. सामायिक लायब्ररी शोधून मेमरीत आणणे हे त्याचे काम.

‘जीसीसी’ ही एकच कमांड दिली तरी पहिले चारही टप्पे आतल्या आत पार पडतात, त्यामुळे ते वेगवेगळे आहेत हे सहज विसरले जाते. त्यांच्या वर मेक असते. कोणाला कधी हाक मारायची हे ते ठरवते. मेकच्याही वर आणखी एक थर असतो: ऑटोटूल्स, सीमेक किंवा मेसॉन. ही साधने आपले मशीन तपासतात आणि त्यानुसार मेकसाठी किंवा निंजासाठी नियम लिहून देतात. निंजा हे मेकच्या जागी वापरायचे साधन इव्हान मार्टिन यांनी गुगलच्या क्रोम ब्राउझरवर काम करताना लिहिले. एवढ्या अवजड प्रकल्पात एक फाइल बदलली तरी बांधणी सुरू व्हायलाच फार वेळ जाई, म्हणून वेग हेच त्याचे मुख्य उद्दिष्ट होते. नावे कितीही बदलली तरी थरांची ही रचना बहुतेक ठिकाणी सारखीच असते.

शेवटच्या ओळीत काय असते

मेकची शेवटची ओळ साधारण अशी असते: तीन चांदण्या, चौकटी कंसात ‘मेकफाइल:१४: मेन.ओ’ आणि पुढे ‘एरर १’. यातला १४ हा आकडा मेकफाइलमधल्या, म्हणजे मेकचे नियम लिहिलेल्या फाइलीतल्या, ओळीचा आहे, आपल्या प्रोग्रॅममधल्या ओळीचा नव्हे. इथे अनेकांची पहिली गल्लत होते. ती ओळ एवढेच सांगते की मेकने एक कमांड चालवली आणि ती अपयशी होऊन परत आली. का अपयशी झाली हे मेकला ठाऊक नसते. ते कारण त्या कमांडने स्वतः आधीच छापलेले असते, म्हणजे ते वर असते.

त्या आकड्यालाही अर्थ आहे. जीसीसीला चूक सापडली की ते सहसा १ हा आकडा परत देते. मेक स्वतः अपयशी झाले तर २ देते. म्हणून ‘एरर २’ दिसले की बहुधा आत दुसरे मेक चालू होते आणि ते फसले, असे समजावे. नावापुढच्या चौकटी कंसातला आकडा, जसे ‘मेक[२]’, ते किती खोल चालले होते हे सांगतो. ‘एरर १२७’ म्हणजे शेलला ती कमांडच सापडली नाही. तिथे प्रोग्रॅम उघडून काही मिळणार नाही, एखादे साधन इन्स्टॉल करायचे राहिले आहे. ‘एरर १२६’ म्हणजे फाइल सापडली, पण ती चालवता आली नाही. बहुतेक वेळा परवानगीचा प्रश्न असतो. १३७ हा आकडा १२८ अधिक ९ असा बनतो. नऊ क्रमांकाचा सिग्नल म्हणजे प्रक्रिया बाहेरून ठार केली गेली, आणि त्यामागे बहुधा मेमरी संपल्याचे कारण असते. १३९ म्हणजे १२८ अधिक ११, अर्थात चालवलेला प्रोग्रॅमच सेगमेंटेशन फॉल्टने कोसळला.

आता वर जायचे, पण किती वर? पहिल्या एररपर्यंत. शर्टाचे पहिले बटण चुकीच्या काजात गेले की खालची सगळी चुकत जातात. एक अर्धविराम राहिला किंवा एक हेडर जोडायची राहिली की कंपायलर पुढच्या ओळींतही अशाच तक्रारी छापत सुटतो. त्या पुढच्या एररना हात लावायचे कारण नसते. पहिली दुरुस्त करून पुन्हा बांधणी केली की बाकीच्या बहुतेक आपोआप जातात.

समांतर बांधणीत पहिली एरर शोधणे जरा कठीण जाते. ‘मेक -जे८’ अशी कमांड दिली की एकाच वेळी आठ कामे चालतात. एक फसले तरी बाकीची संपेपर्यंत मेक थांबते आणि त्यांचे छापणे चालूच राहते, त्यामुळे खरी चूक मध्येच कुठेतरी गाडली जाते. अशा वेळी ‘मेक -जे१’ देऊन एकेक काम क्रमाने चालवावे. सगळा मजकूर एका फाइलीत साठवून तीत ‘एरर:’ हा शब्द वरून खाली शोधणे हीही चांगली सवय आहे. मात्र एरर साध्या मजकुराच्या प्रवाहात येत नाहीत, त्यांचा प्रवाह वेगळा असतो. साठवताना दोन्ही प्रवाह एकत्र केले नाहीत, तर नेमके हवे तेच फाइलीत नसते. निंजा वापरत असाल तर काम थोडे सोपे आहे: फसलेल्या कामाच्या वर ते ‘फेल्ड:’ असे लिहिते आणि त्याखाली चालवलेली पूर्ण कमांड देते.

मेक स्वतः बोलते तेव्हा

काही एरर मात्र मेकच्याच असतात. सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ‘मिसिंग सेपरेटर’. मेकफाइलमध्ये कमांडची ओळ टॅबने सुरू व्हावी लागते, आठ स्पेस चालत नाहीत. हा नियम फेल्डमन यांनी पहिल्या आवृत्तीत घातला. काही आठवड्यांतच त्यांना तो खटकू लागला, पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते आणि त्यांच्या फाइली मोडू नयेत म्हणून तो तसाच राहिला. इंटरनेटवरून किंवा पीडीएफमधून मेकफाइल कॉपी करताना टॅबचे स्पेस होतात आणि ही एरर येते. डोळ्यांना फरक दिसत नाही. ‘कॅट -ए’ ही कमांड वापरली (यातले ए हे अक्षर कॅपिटल हवे) की टॅब वेगळ्या खुणेने दिसतात. विंडोजवर लिहिलेल्या फाइलींत ओळीच्या शेवटी असणारे जादा अक्षरही याच कमांडने उघडे पडते. तेच अक्षर शेल स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत शिरले की फाइल समोर असूनही ‘बॅड इंटरप्रिटर’ अशी तक्रार येते.

दुसरी नेहमीची एरर ‘नो रूल टू मेक टार्गेट’. त्यापुढे कोणती फाइल हवी होती आणि ती कोणाला हवी होती, अशी दोन नावे असतात. मेकला पहिली फाइल सापडत नाही आणि ती कशी बनवायची याचा नियमही ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ. नावातले स्पेलिंग, लहान-मोठी अक्षरे आणि आपण उभे असलेले फोल्डर या तीन गोष्टी पाहिल्या की उत्तर मिळते. लिनक्समध्ये लहान व मोठी अक्षरे वेगळी धरली जातात, त्यामुळे विंडोजवर सुरळीत चाललेला प्रकल्प इथे अडतो. फोल्डरच्या नावातल्या रिकाम्या जागेचाही त्रास होतो. ‘माझा प्रकल्प’ असे नाव दिले तर देवनागरीमुळे काही बिघडत नाही, पण मधल्या स्पेसमुळे मेक त्याची दोन नावे समजते. स्पेसच्या जागी अधोरेषा वापरावी.

तिसरी तक्रार घड्याळाची. फाइल बदलली की नाही हे मेक तिच्या वेळेवरून ठरवते. ऑब्जेक्ट फाइलपेक्षा मूळ फाइल नवी असेल तरच पुन्हा कंपाइल करायचे, हा सगळा कारभार घड्याळावर चालतो. म्हणून ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ ही सूचना कधीही सोडून देऊ नये. भारतात तिचे एक खास कारण आहे. विंडोज संगणकाच्या हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ ठेवते. लिनक्स सहसा तीच वेळ जागतिक प्रमाणवेळ समजते. एकाच लॅपटॉपवर दोन्ही असतील तर लिनक्स सुरू होताना वेळ साडेपाच तास पुढे गेलेली असू शकते. नेटवर्कवरून ती दुरुस्त होण्याआधी साठवलेल्या फाइली मग ‘भविष्यातल्या’ ठरतात आणि काय जुने, काय नवे हे मेकला कळेनासे होते. घड्याळ नीट लावावे, ‘टच’ कमांडने फाइलींच्या वेळा आजच्या कराव्यात आणि ‘मेक क्लीन’ करून नव्याने बांधणी करावी.

हेडर सापडत नाही

‘फेटल एरर’ आणि पुढे एखाद्या ‘डॉट एच’ फाइलीचे नाव, मग ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. इथे प्रीप्रोसेसर बोलतो आहे. लायब्ररी तर इन्स्टॉल केली होती, मग हे कसे, असा प्रश्न हमखास पडतो. उत्तर पॅकेजच्या विभागणीत आहे. डेबियन आणि उबंटूमध्ये एकाच लायब्ररीची दोन पॅकेजे असतात: एक प्रोग्रॅम चालवण्यापुरते आणि दुसरे प्रोग्रॅम बांधण्यासाठी. हेडर फाइली दुसऱ्यात असतात आणि त्याच्या नावाच्या शेवटी ‘-डेव्ह’ असते. फेडोरात त्याच जागी ‘-डेव्हल’ लिहितात. आर्च लिनक्स अशी विभागणी सहसा करत नाही. त्यामुळे एका वितरणासाठी लिहिलेली सूचना दुसऱ्यावर जशीच्या तशी लागू पडत नाही.

हवे ते पॅकेज अंदाजाने शोधू नये. कोणती फाइल कोणत्या पॅकेजात आहे हे डेबियन-उबंटूवर ‘एपीटी-फाइल सर्च’ आणि फेडोरावर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ नेमके सांगते. पायथॉनचे मॉड्यूल ‘पिप’ने इन्स्टॉल करताना ‘पायथॉन डॉट एच’ सापडत नाही अशी एरर अनेकांना येते. तिचे कारणही हेच आहे. पायथॉन आहे, पण त्याचे डेव्ह पॅकेज नाही. रस्टचा ‘कार्गो’ जेव्हा ‘लिंकर सीसी नॉट फाउंड’ म्हणतो, तेव्हा सी ची साधनेच मशीनवर नसतात. उबंटूवर ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे एक पॅकेज घातले की कंपायलर, मेक आणि मूलभूत हेडर एकदम येतात.

काल चालत होते, आज का नाही?

कंपायलरची एरर ओळखायला सर्वांत सोपी. तीत फाइलीचे नाव, ओळ, रकाना आणि मग ‘एरर:’ असा क्रम असतो. त्याच्या वर ‘इन फाइल इन्क्लूडेड फ्रॉम’ अशी साखळी असेल तर चूक एखाद्या हेडरमध्ये सापडली आहे आणि ती हेडर कुठून आली हे ती साखळी सांगते.

खरी कोंडी होते ती जुना, चांगला चालणारा प्रोग्रॅम नव्या मशीनवर अडतो तेव्हा. आपण एक अक्षरही बदललेले नसते, कंपायलर बदललेला असतो. फंक्शन आधी जाहीर न करता वापरण्याची मुभा सी च्या १९९९ च्या प्रमाणकाने काढून घेतली होती, तरी जीसीसी पंचवीस वर्षे फार तर इशारा देऊन ते चालवून घेत होते. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ ने त्या इशाऱ्याची एरर केली. त्याआधी २०२० मधल्या जीसीसी १० ने, एकच ग्लोबल व्हेरिएबल अनेक फाइलींत ‘एक्स्टर्न’ न लिहिता ठेवण्याची सवलत बंद केली आणि जुन्या प्रकल्पांत ‘मल्टिपल डेफिनिशन’चा पाऊस पडला. २०२५ मधले जीसीसी १५ सी ची २०२३ ची आवृत्ती गृहीत धरते. तीत ‘बूल’, ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ हे भाषेचे राखीव शब्द आहेत, त्यामुळे ही नावे स्वतः ठरवणारा जुना कोड अडतो. ‘-एसटीडी’ हा पर्याय देऊन जुनी आवृत्ती मागता येते आणि तेवढ्यापुरते काम भागते. पण कोड आपला असेल तर योग्य हेडर जोडून तो दुरुस्त करणेच बरे. नवा कंपायलर ज्या चुका दाखवतो, त्यांतल्या काही आधीपासून खरोखर घातक असतात.

लिंकरची भाषा

‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू’ हे शब्द दिसले की कंपाइल होणे पार पडलेले आहे आणि लिंकर बोलतो आहे. याचा अर्थ फंक्शनचे नाव माहीत होते, पण त्याचा प्रत्यक्ष कोड कुठल्याच तुकड्यात मिळाला नाही. इथे हेडर जोडत बसून काही होणार नाही. गणिताची फंक्शने हे नेहमीचे उदाहरण. ‘साइन’ वापरणारा प्रोग्रॅम बांधताना कमांडच्या शेवटी ‘-एलएम’ द्यावे लागते, कारण गणिताची लायब्ररी वेगळी आहे. यात विद्यार्थ्यांना चकवणारा एक बारकावा आहे: ‘साइन’ला थेट एखादी संख्या दिली तर जीसीसी उत्तर कंपाइल करतानाच काढून ठेवते आणि लायब्ररीची गरजच लागत नाही. तीच संख्या वापरणाऱ्याकडून घेतली की लगेच एरर येते.

क्रमही महत्त्वाचा आहे. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. लायब्ररीपाशी पोचेपर्यंत जे नाव कोणी मागितलेलेच नाही, ते तो तिच्यातून उचलत नाही. म्हणून लायब्ररीचे नाव आधी आणि आपली फाइल नंतर लिहिली तर सगळे असूनही बांधणी फसते. आधी आपल्या फाइली, मग लायब्ररी, हा नियम पाळावा. सी++ चा प्रोग्रॅम ‘जी++’ऐवजी ‘जीसीसी’ने जोडला की प्रमाण लायब्ररीतली सगळीच नावे ‘अनडिफाइन्ड’ होतात. तिथे फक्त कमांड बदलायची असते. ‘कॅनॉट फाइंड -एल’ आणि पुढे नाव अशी एरर असेल तर लायब्ररीची फाइलच मिळालेली नाही, आणि बहुधा पुन्हा त्याच डेव्ह पॅकेजकडे जावे लागते.

बांधणी यशस्वी झाली आणि चालवताना ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ आले, तर बोलणारा लोडर आहे. ‘एलडीडी’ कमांड प्रोग्रॅमला कोणत्या लायब्ररी लागतात आणि कोणती सापडत नाही हे दाखवते. लायब्ररी नुकतीच हाताने बसवली असेल तर ‘एलडीकॉन्फिग’ चालवून यंत्रणेला तिची ओळख करून द्यावी लागते. याच कुळातली दुसरी एरर ‘जीलिबसी २.३४ नॉट फाउंड’. जीलिबसी ही लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी. जुना प्रोग्रॅम नव्या जीलिबसीवर चालतो, उलटे होत नाही. उबंटू २२.०४ मध्ये तिची आवृत्ती २.३५ आहे आणि २०.०४ मध्ये २.३१, त्यामुळे पहिल्यावर बांधलेला साधा प्रोग्रॅमही दुसऱ्यावर चालत नाही. उपाय सोपा आहे: जुन्या मशीनवर किंवा तशाच कंटेनरमध्ये बांधणी करावी. जीलिबसी हाताने बदलण्याचा सल्ला कुठे वाचला तर तो अजिबात मानू नये. टर्मिनलमधल्या जवळजवळ प्रत्येक कमांडला ती लागते, आणि ती बिघडली की दुरुस्तीसाठीसुद्धा कमांड चालत नाही.

बांधणी सुरूच होत नाही

कधी चूक मेकपर्यंतही पोचत नाही. ऑटोटूल्सची ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट किंवा सीमेक आपले मशीन तपासतानाच थांबते. ‘सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्यूटेबल्स’ हे वाक्य वाचून कंपायलर पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी ‘कॉन्फिग डॉट लॉग’ ही फाइल उघडावी. कॉन्फिगरने कोणता छोटा प्रोग्रॅम बांधून पाहिला, कोणती कमांड दिली आणि काय उत्तर आले हे सगळे तीत असते. पुष्कळदा दोष कधीतरी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवलेल्या चुकीच्या पर्यायात निघतो.

सीमेकची खोड त्याच्या स्मरणात आहे. एकदा तपासलेली उत्तरे ते ‘सीमेककॅश’ फाइलीत ठेवते. हवे ते पॅकेज आपण नंतर बसवले, कंपायलर बदलला किंवा फोल्डर हलवले, तरी ते जुन्याच उत्तरांवर चालू शकते. म्हणून बांधणीसाठी नेहमी वेगळे ‘बिल्ड’ फोल्डर ठेवावे आणि शंका आली की ते पूर्ण पुसून पुन्हा सुरुवात करावी. २०२५ मध्ये आलेल्या सीमेक ४.० ने ३.५ पूर्वीच्या आवृत्त्यांशी जुळवून घेणे बंद केले, त्यामुळे कित्येक जुने प्रकल्प पहिल्याच पावलावर अडू लागले. किमान धोरण-आवृत्ती ३.५ धरण्याचा एक पर्याय सीमेकला देता येतो आणि बहुतेक प्रकल्प मग बांधले जातात.

आणखी एक प्रसंग वेगळाच. बांधणी बरीच पुढे जाते आणि अचानक ‘किल्ड’ असा एकच शब्द येतो. हा कर्नलचा निर्णय असतो. मेमरी संपली की तो एखादी मोठी प्रक्रिया ठार करतो, आणि सी++ चा कंपायलर मेमरी भरपूर खात असल्याने तोच सापडतो. ‘डीमेसेज’ कमांडमध्ये त्याची नोंद मिळते. समांतर कामे दोनवर आणावीत किंवा स्वॅप वाढवावा. ‘मेक -जे’ असे आकडा न देता कधीही लिहू नये, कारण मग एका वेळी किती कामे सुरू करायची याला मर्यादाच राहत नाही.

शोधाची शिस्त

टप्पा ओळखला, तरी कारण सापडत नसेल तर पुढची पायरी म्हणजे फसलेली कमांड एकटी चालवून पाहणे. अनेक प्रकल्प सुटसुटीत दिसावे म्हणून कमांड लपवतात. ऑटोटूल्सवर आणि कर्नलमध्ये ‘व्ही=१’, सीमेकने बनवलेल्या मेकफाइलमध्ये ‘व्हर्बोज=१’ आणि निंजाला ‘-व्ही’ दिले की ती पूर्ण दिसते. ती त्याच फोल्डरमध्ये जाऊन हाताने चालवावी. जीसीसीला ‘-व्ही’ जोडले की हेडर कोणत्या फोल्डरांत शोधल्या हेही कळते. काही न बांधता फक्त पुढे काय होणार हे पाहायचे असेल तर ‘मेक -एन’ आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते लिहून ठेवावे. पाच उपाय एकदम केले आणि बांधणी चालली, तरी कशामुळे चालली हे कळत नाही आणि उरलेले चार पुढे कधीतरी त्रास देतात. विशेषतः ‘सुडो’ जपून वापरावे. ‘सुडो मेक’ केले की बांधलेल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि दुसऱ्या दिवशी साध्या मेकला ‘परमिशन डिनाइड’ मिळते. त्यावर सगळ्या फाइलींना ७७७ परवानगी देणे म्हणजे दुखणे सोडून औषधाचीच बाधा करून घेणे. मालकी परत आपल्या नावावर करावी, तेवढे पुरते.

मदत मागतानाही हीच शिस्त कामी येते. पडद्याचा फोटो पाठवू नये, मजकूर द्यावा. पहिली एरर आणि तिच्या वरच्या दहा ओळी, दिलेली कमांड, वितरणाचे नाव व आवृत्ती आणि कंपायलरची आवृत्ती, इतके दिले की जाणकार माणूस पुष्कळदा लगेच उत्तर देतो. अनेकदा ही माहिती गोळा करतानाच उत्तर आपले आपल्याला सापडते.

हे कौशल्य नोकरी लागल्यावर आपोआप येते अशी समजूत आहे, पण ते शिकवता येते आणि शिकवायला हवे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्यांना सगळे बसवून तयार असलेली मशीन मिळतात आणि बांधणी फसण्याची पहिली वेळ ते घरी एकटेच अनुभवतात. शिक्षकांना विनंती आहे की एक तास मुद्दाम मोडतोडीसाठी राखून ठेवावा. चालता प्रकल्प घ्यावा. एकदा मेकफाइलमधला टॅब काढावा, एकदा हेडर हलवावी, एकदा ‘-एलएम’ गाळावे, एकदा एका फाइलीची वेळ उद्याची करावी आणि प्रत्येक वेळी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा: पहिली एरर कोणती आणि ती कोणाची? ज्या विद्यार्थ्याला याचे उत्तर देता येते, त्याला ‘एरर २’ची भीती वाटत नाही. दुरुस्ती कुठून सुरू करायची हे त्याला माहीत असते.